चित्रातली बाई आणि मस्टरवरची बाई

मंडळी, आजचा धडा एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे.

आपला प्रौढ वर्ग सुरू झाला, तेव्हा मी नावनोंदणीची वही केली. वहीत चार रकाने आखले. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला रकाना म्हणतात. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात वाडी, चौथ्यात व्यवसाय. व्यवसाय म्हणजे पोटासाठी माणूस जे काम करतो ते.

आधी पुरुष मंडळी आली. मी एकेकाला विचारले, "काय करता?" कोणी म्हणाले शेती, कोणी मासेमारी, कोणी गवंडीकाम. मी लिहून घेतले. मग बाया आल्या. त्यांना नाव विचारले, वय विचारले, वाडी विचारली. व्यवसाय विचारलाच नाही. पहिलीच्या नावापुढे लिहिले 'घरकाम'. खालच्या सगळ्यांच्या नावापुढे 'वरीलप्रमाणे' अशा खुणा केल्या आणि वही मिटली.

चार महिने गेले. वर्गात एक मावशी आहेत. त्या आता अक्षरे जुळवून वाचतात. एका संध्याकाळी वही टेबलावर उघडी पडली होती. मावशींनी बोट फिरवत आपले नाव शोधले. मग बोट आडवे नेत नेत चौथ्या रकान्यात आणले. तिथे खूण होती. खुणेवरून बोट वर वर नेले.

"घ, र, का, म," त्यांनी वाचले. मग माझ्याकडे बघितले. "गुरुजी, ह्ये माज्या नावापुढं का वो?"

"म्हणजे?"

"आज सकाळधरनं मी काजूच्या कारखान्यात होते. आषाढात लावणीला होते. वैशाखात बागेत होते. ही कामां काय भुतानं केलीन?"

वर्ग हसला. मला काही हसू आले नाही. ह्याच मावशींना मी रोज सकाळी डोक्यावर डबा घेऊन कारखान्याकडे जाताना पाहत होतो. डोळ्यांना दिसत होते. पण लेखणी हातात घेतली, की दिसलेले विसरून भलतेच लिहिले गेले. असे का झाले, हे शोधायला म्हणून हा धडा लिहिला आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात इतके प्रमाण दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नव्हते. कारण तुम्हांला ठाऊक आहे. बाप्ये माणूस मुंबईला. आधी गिरणीत आणि गोदीत, पुढे हॉटेलात, कचेरीत, रिक्षावर. गावी राहिल्या त्या आई, बायको, सून. मग सांगा पाहू, मागे राहिलेली शेते कोणी सांभाळली? नांगराला गडी सांगितला असेल. पण भाजावळ कोणी केली? तरवा कोणी काढला? पाठीवर इरले घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून लावणी कोणी केली? बेणणी, कापणी, झोडणी कोणी केली? गुरांचे शेण कोणी काढले?

आता शेतकऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटून आणा. काय दिसले? डोक्याला मुंडासे, खांद्यावर नांगर, मिशा. मिशा असणारच!

जिल्हा बायकांच्या हातांवर चालला आणि चित्र मिशांचे काढले गेले. हे एका चित्रकाराचे काम नाही. शाळेचे पुस्तक, भिंतीवरचा तक्ता, रेडिओ, सिनेमा, जाहिरात, टीव्ही, आणि आता हातातला मोबाईल, या सगळ्यांनी मिळून हे चित्र आपल्या डोळ्यांत बसवले. एकच चित्र शंभर वेळा दाखवले की ते साच्यासारखे होते. मोदकाच्या साच्यात कसलीही उकड घाला, बाहेर येतो तो मोदकच. तसे बाई म्हटली की चूल, आणि बाप्या म्हटला की काम. माझी लेखणी त्याच साच्यातून निघाली.

आपल्या देशातल्या पहिल्या बोलपटाआधीच्या, म्हणजे मुक्या सिनेमाच्या काळातली एक खरी हकीगत सांगतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईला गिरगावात लोकांना दाखवला गेला. हरिश्चंद्राची राणी तारामती. तिचे काम करायला बाई मिळेना. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रू जाणे, असा तेव्हा समज. शेवटी एका खाणावळीत आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामती केले. राणीचे लुगडे नेसून अण्णा पडद्यावर आले.

आता पडद्यामागे चला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. चित्रपटाच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. रात्री अंधारात फिल्मला भोके पाडीत, औषधी पाणी कालवून फिल्म धुवीत. हे आजच्या भाषेत तंत्रज्ञाचे काम. पडद्यावर जी बाई दिसली तो पुरुष होता, आणि जी खरी बाई राबली ती पडद्यावर कुठेच नव्हती. फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण फिल्म धुणारी सरस्वतीबाई किती जणांना ठाऊक आहे?

त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केले. बायका पडद्यावर आल्या. (कमलाबाई म्हणजे नट विक्रम गोखले यांची आजी, बरं का.) पण बाई पडद्यावर आली म्हणून बाईचे काम पडद्यावर आले असे नाही. पुढची कितीतरी वर्षे पडद्यावरची बाई रडत राहिली, सोसत राहिली, वाट बघत राहिली. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. आपल्यातल्या किती जणींनी पदर ओला केला, आठवते ना? मीही डोळे पुसले होते, खोटे कशाला सांगू? चित्रपट वाईट होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की सोसणे हाच बाईचा गुण असे शंभर चित्रपटांनी दाखवले, तर मजुरी कमी मिळाली म्हणून बोलणारी बाई आपल्याला कशी वाटेल? भांडखोर वाटेल. बोलणारा पुरुष मात्र हक्काचे मागणारा वाटतो.

रेडिओचे बघा. मुंबई आकाशवाणीवर दोन कार्यक्रम घरोघर ऐकले जात. एकाचे नाव 'कामगार सभा', दुसऱ्याचे 'वनिता मंडळ'. दोन्ही चांगले कार्यक्रम. पण नुसती नावे वाचा. कामगार एका खोलीत आणि वनिता दुसऱ्या खोलीत! त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सुताच्या खात्यांत बायका कामाला होत्या. त्यांनी कोणत्या वेळी रेडिओ लावायचा? शेतीच्या भाषणाची सुरुवातही आपण 'शेतकरी बंधूंनो' अशीच ऐकत आलो. बेणणी करणारी बहीण चुलीजवळ बसून ते ऐकते. तिला वाटते, हे बंधूंसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

जाहिरातींचे तर सांगायलाच नको. भांडी घासायची वडी असली की हात बाईचा. कपड्याचा साबण असला की हात बाईचा. ट्रॅक्टर, सिमेंट, पाण्याचा पंप असला की पुरुष मिशीवर ताव देत उभा. येत्या रविवारी एक करा. टीव्हीपुढे बसताना पाटी-पेन्सिल जवळ घ्या. पाटीवर दोन रकाने आखा. जाहिरातीतला पुरुष काय करतो ते एकात लिहा, बाई काय करते ते दुसऱ्यात. अर्ध्या तासात पाटी भरेल. लिहिण्याचा सरावही होईल.

तर चित्र असे झाले. आता ते चित्र बाईच्या मजुरीपर्यंत कसे पोचते, ते बघू. ते पोचते एका शब्दाच्या वाटेने. तो शब्द आहे 'मदत'.

बाप्या शेतात जातो तो कामाला. बाई जाते ती मदतीला. बाप्या होडी घेऊन जातो तो मच्छीमार. बाई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडते, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकते, हिशेब ठेवते. ती मात्र मच्छीमाराची बायको. हर्णैच्या लिलावात बोली लावणाऱ्या बायका बघा. त्यांचा बाजारभावाचा अंदाज चुकत नाही. पण त्यांनाही कोणी विचारले तर त्या सांगतात, "आमच्या घरचा मासेमारीचा धंदा. मी आपली मदत करते." मदतीला मजुरी नसते, असली तर खुशीची असते. काम आणि मदत यांतला फरक पगाराच्या दिवशी कळतो.

काजूचे उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणी त्यात आहेत. काजूच्या टरफलात तेल असते. ते कातडीला लागले की भाजते, हाताची साले निघतात. म्हणून बाया हाताला राख नाहीतर तेल चोळून बी फोडतात. मग गर वाळवायचा, वरची साल काढायची आणि प्रत लावायची. अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. अख्ख्या गराला भाव जास्त, तुकड्याला कमी. म्हणजे मालकाचा नफा कशावर ठरतो? सोलताना गर मोडला नाही, यावर. म्हणजेच मावशींच्या बोटांवर.

मी एका मुकादमाला विचारले, "सोलणीला सगळ्या बायाच का?" तो म्हणाला, "बायकांची बोटं नाजूक असतात गुरुजी. हे काम त्यांना जन्मताच येतं." मोठे गोड बोलणे आहे हे. पण त्यातली खोच बघा. जे जन्मताच येते त्याला शिक्षण लागत नाही. ज्याला शिक्षण लागत नाही ते कसब नव्हे. आणि जे कसब नव्हे त्याला कसबाची मजुरी कशाला? सुताराचा हातही बारीक कामात चालतो. त्याला मात्र आपण कारागीर म्हणतो. नाजूक बोटांचे कौतुक करून बोटांची किंमत कमी करायची, अशी ही तऱ्हा. आणि गंमत अशी, की हीच नाजूक बोटे जळत्या तेलात बी फोडतात. त्यात नाजूक काय आहे?

हे मी वर्गात बोललो, तेव्हा एक आबा उठले. वयाने मोठे, स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी बोलताव ते बरोबर हाय. पण गडी जड काम करतो. झाडावर चढतो. क्रेट उचलतो. बाईला आनि गड्याला एकच मजुरी कशी व्हईल?"

आबांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. उंच कलमावर चढून झेल्याने आंबा काढणे हे जोखमीचे काम आहे, पाय घसरला तर माणूस जातो. त्या कामाला दर जास्त असावा, यात कोणाचे भांडण नाही. पण मी आबांना विचारले, "बागेत आंबा उतरल्यावर निवडायला कोण बसतं?"

"बाया बसतात. गडी पन बसतात, पाऊस जवळ आला नि घाई असली की."

"अढी घालायला, पेट्या भरायला?"

"दोघं पन."

"मग त्या दिवशी मजुरी कशी मिळते?"

आबा थांबले. "गड्याला गड्याची. बाईला बाईची."

झाडाखाली एकाच गवतावर बसून, एकाच ढिगातले आंबे, एकाच प्रकारे निवडणारी दोन माणसे. आणि संध्याकाळी हातात पडणारे पैसे वेगळे. इथे जड काम कुठे आहे? समजा, गड्याची मजुरी ५०० रुपये आणि बाईची ३५० आहे. फरक १५० चा. हंगामात ४० दिवस काम लागले, तर एका बाईचे ६००० रुपये कमी. हे आकडे मी हिशेब शिकवण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही आपापल्या गावचे दर घालून हिशेब करा. बेरीज-वजाबाकी आता येते ना?

आणि जड कामाचेच म्हणाल, तर विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घाटी चढणे हे कोणत्या वजनात धरता? रानातून लाकडाची मोळी आणणे? ते जड काम घरात आहे, म्हणून चित्रात नाही. चित्रात नाही, म्हणून हिशेबात नाही. सरळ गोष्ट अशी, की दर कामाला लावावा, माणसाला नव्हे. झाडावर चढण्याचा दर वेगळा, निवडणीचा दर वेगळा. पण निवडणीला जो बसेल त्याला, बाई असो की बाप्या, निवडणीचा दर.

हे माझ्या पदरचे नाही, कायद्याचे आहे. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या स्त्रीला आणि पुरुषाला सारखेच वेतन दिले पाहिजे, असे त्यात लिहिले होते. पुढे तो कायदा वेतन संहितेत घेतला गेला. संहिता म्हणजे अनेक कायदे एकत्र बांधलेली पोथी. ही वेतन संहिता २०१९ साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नियम तोच आहे. काम एकसारखे असेल, तर बाई म्हणून मजुरी कमी देता येत नाही.

या कायद्याची कसोटी लागली ती आपल्या मुंबईत. ती हकीगत ऐका. मुंबईला मॅकिनन मॅकेन्झी नावाची जहाजधंद्यातली कंपनी होती. तिच्या कचेरीत स्टेनोग्राफर होते. साहेब बोलेल ते भराभर खुणांच्या लिपीत उतरून घ्यायचे आणि मग टंकयंत्रावर टंकून काढायचे, हे त्यांचे काम. पुरुष असेल तर त्याला नुसते 'स्टेनोग्राफर' म्हणत. बाई असेल तर 'लेडी स्टेनोग्राफर'. काम तेच. पण एक शब्द पुढे लागला आणि पगार कमी झाला!

त्यांतल्या ऑड्री डिकोस्टा या बाईंची नोकरी १९७७ साली गेली. त्यांनी तक्रार केली, की इतकी वर्षे आपल्याला पुरुषांपेक्षा कमी पगार मिळाला. कंपनीने पुष्कळ कारणे सांगितली. या बायका साहेबांच्या खास कामावर, त्यांचा वर्गच निराळा, असे म्हटले. युनियनशी तसा करार झालेला आहे, असे म्हटले. आणि कंपनीची पैशाची ओढाताण आहे, असेही म्हटले. साहेबाच्या खोलीत टिपणवही घेऊन बसलेली बाई आपण सिनेमात कितीदा तरी पाहिली आहे. ते चित्र इतके पक्के, की ते काम म्हणजे एक निराळीच जात आहे, असे कंपनीलाही वाटत होते.

खटला वर चढत चढत दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. २६ मार्च १९८७ रोजी निकाल लागला. न्यायालयाने कागद बाजूला सारून काम बघितले. दोघांचे काम एकसारखे आहे, म्हणून पगारही सारखा पाहिजे. करार झाला असला तरी कायद्यापुढे तो चालत नाही. आणि कंपनीला पैसा कमी पडतो, ही सबब धरता येत नाही. पैसा कमी पडला तर तो फक्त बायकांनाच का कमी पडावा, हे मी विचारतो. न्यायालयाचे शब्द अर्थात जास्त सभ्य होते.

विमानातल्या बायांची गोष्ट याच्याही आधीची, १९८१ सालची. एअर इंडियाच्या जाहिरातीत हसरी, तरणी हवाई सुंदरी असायची. ती जाहिरात पुढे नियम होऊन बसली. हवाई सुंदरीने ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जाणार. पहिले मूल पोटात राहिले की नोकरी जाणार. त्याच विमानात प्रवाशांची सेवा करणारे पुरुष मात्र ५८ वर्षांपर्यंत नोकरीत! सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा नियम रद्द केला. वयाची सवलत साहेबाच्या मर्जीवर ठेवणेही रद्द केले. पण लग्नाचा नियम तसाच राहू दिला. न्यायाच्या आसनावर बसलेल्या माणसांनीही आपल्यासारखीच चित्रे पाहिलेली असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच एक पुस्तिका काढली. बायकांविषयीचे ठरीव समज आणि ठरीव शब्द निकालपत्रांत कसे टाळावेत, हे तिच्यात न्यायाधीशांना आणि वकिलांना सांगितले आहे. म्हणजे वर्ग फक्त आपलाच भरतो असे नाही.

चित्रे बदलतात का? बदलतात, पण कोणीतरी बदलावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. बाई डॉक्टर दाखवली, रस्त्यावर वाहतूक सांभाळणारी बाई पोलीस दाखवली. आपल्या नातवंडांच्या दप्तरात असे पुस्तक असेल तर मागून घ्या. टीव्हीवर 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ पासून २०२४ पर्यंत चालली. घरातले सगळे जे न विचारता धरून चालतात, तोच प्रश्न तिच्या नावात उभा केला होता. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ चा. त्यात स्मिता पाटील नोकरीसाठी घराबाहेर पडते. घर तिला परत घेत नाही. तो चित्रपट पुन्हा लागला तर सगळ्यांनी बघा, पुरुषांनी आधी.

आणि चित्राबाहेरच्या खऱ्या बाया तर चित्रांच्या आधीच पुढे गेलेल्या असतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचे इंजिन चालवीत. आशियातल्या त्या पहिल्या महिला इंजिनचालक म्हणून ओळखल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्या निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षे गाडी हाकली. त्या रुळावर होत्या, तेव्हाही मुलांच्या पुस्तकांतला इंजिनवाला मिशीवालाच होता.

एक सावधगिरीचे बोलतो. हल्ली ८ मार्चला बायकांचे मोठे मोठे फलक लागतात. विमान चालवणारी, बंदूक धरणारी बाई फलकावर असते. हारतुरे होतात. ९ मार्चला निवडणीचा दर तोच असतो. नव्या चित्राने जुना दर झाकला जात असेल, तर ते चित्रही काही कामाचे नाही.

आता आपल्या बागेचे पुढे काय झाले ते सांगतो. त्या हंगामात मावशींनी एक केले. संध्याकाळी मुकादमाने मस्टर पुढे केले. मस्टर म्हणजे हजेरीचा कागद. पूर्वी मावशी अंगठा उठवून मोकळ्या होत. त्या दिवशी त्यांनी सही करण्याआधी कागद वाचला. वेळ लागला. मागे रांग खोळंबली. मुकादम म्हणाला, "आटपा मावशी." मावशी म्हणाल्या, "तुमाला धा वर्सां घाई हाय, आज मला वायच सवड द्या." कागदावर वरच्या बाजूला 'गडी' आणि खालच्या बाजूला 'बाया' अशी दोन नावे होती. दोन्हीपुढे काम लिहिले होते, निवडणी. आणि दर वेगवेगळे.

"काम एकच लिवलंय, मग दर दोन कशे?" त्यांनी विचारले.

मुकादमाकडे उत्तर नव्हते. "तसंच चालत आलंय," तो म्हणाला.

बागायतदारापर्यंत गोष्ट गेली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मस्टर तसेच आखले जात होते, आणि त्यानेही माझ्यासारखेच न विचारता पुढे चालवले होते. आठ जणी मिळून त्याच्या पडवीत गेल्या. आपल्या आबांनाही बरोबर घेतले होते. आबांनीच सांगितले, की आपण त्यांच्या शेजारी बसून तेच आंबे निवडले आहेत. निवडणीला आणि पेट्या भरायला एक दर ठरला. क्रेट उचलणीचा दर निराळा ठेवला. बायांपैकी दोघी म्हणाल्या, आम्ही उचलणीला येऊ. त्यावर मात्र बागायतदार हसला. पुढच्या हंगामाला बघू म्हणाला.

काजूच्या कारखान्यात अजून काही झालेले नाही. तिथे किलोवर मजुरी असते. किती किलोला किती पैसे, आणि सोलणीचा दर फोडणीपेक्षा कमी का, हे मावशी आता रोज एका वहीत लिहून ठेवतात. तारीख, काम, वजन, मिळालेले पैसे. अशी वही प्रत्येकीने ठेवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याची कचेरी असते. तिथे तोंडी सांगितलेले हवेत जाते, लिहिलेले राहते.

अशीच आणखी एक नोंद येऊ घातली आहे. पुढची जनगणना २०२७ ची म्हणून सरकारने जाहीर केली आहे. मोजणारा दारात येईल आणि विचारील, घरात काम कोण करतं? १९९१ च्या जनगणनेपासून या प्रश्नात सरकारने मुद्दाम भर घातली, की घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेले कामही काम म्हणून धरावे. पण मोजणारा माझ्यासारखाच असला, तर बाईला न विचारताच पुढे जाईल. तेव्हा घरातल्या बाप्याने "ती काय, घरीच असते" असे सांगण्याआधी बाईने स्वतः पुढे येऊन सांगावे. लावणी करते, गुरे बघते, काजू सोलते, सगळे सांगावे.

माझी नावनोंदणीची वही मी फाडली नाही. चूक राहू दिली आणि खाली नवीन पान आखले. यावेळी प्रत्येकीला विचारले. मावशींनी सांगितले, "भातशेती, आंबा निवडणी, काजू सोलणी, दोन गुरं, नि घरकाम. घरकाम खोडू नका हां गुरुजी, ते पन करते."

सगळ्यांचे लिहून झाले. आबा टेबलाजवळ घुटमळत होते. मी विचारले, "काय आबा?"

"माज्या नावापुढं नुस्तं शेती लिवलंय तुमी."

"मग?"

"म्हातारी गेल्याला तीन वर्सां झाली. भाकरी मीच थापतो, भांडी मीच घासतो. ते पन लिवा."

मी लिहू लागलो. चौथा रकाना मी जुन्याच मापाने आखला होता. त्यात जागा पुरेना, आणि आबांचे घरकाम रेघ ओलांडून समासात गेले.